कालवड कोणाची ठेवावी? असईच्या बैलांपासून परभणीच्या ‘होलदेव’पर्यंत

१/ २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली उभा होता. मराठ्यांच्या तोफखान्याने इतका अचूक मारा केला की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल जागीच कोसळले. तोफा मागे टाकून त्याला पायदळानिशी पुढे सरकावे लागले. या लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडचा विषय मात्र ते बैल, त्यांच्या आया आणि त्या आयांच्या जागी पुढे आलेल्या गाई हा आहे. 🧵

२/ वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बैलांचा उल्लेख वारंवार येतो. दख्खनच्या मोहिमेत त्याची भिस्त म्हैसूरच्या ‘अमृतमहाल’ बैलांवर होती. म्हैसूरच्या वोडेयरांनी जोपासलेली, हैदर व टिपूने लष्करी शिस्तीत वाढवलेली ही गुरे १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती आली. ती काटक, चपळ आणि लांब पल्ल्याची होती. मात्र त्यांच्या गाई दूध इतके कमी देत की ते वासरालाच पुरावे.

३/ त्या काळात यात कोणालाही उणीव वाटत नव्हती. गाय ही प्रथम बैलाची आई होती. नांगर, मोट, गाडी आणि तोफ ही सारी कामे बैलाच्या खांद्यावर चालत. म्हणून गावात वळू निवडताना चाल, खूर, खांदा आणि रंग पाहिला जाई. ज्या गाईचा गोऱ्हा दमदार निघे तिचीच कालवड दावणीला ठेवली जाई. दूध हा मिळाला तर आनंदाचा जोडलाभ.

४/ मराठवाड्याने याच कसोटीवर दोन जाती घडवल्या. कंधार परिसरातील ‘लाल कंधारी’ ही गडद लाल, मध्यम बांध्याची आणि हलक्या चाऱ्यावर तग धरणारी. उदगीर-देवणी पट्ट्यातील ‘देवणी’ बैलकाम आणि दूध या दोन्हींसाठी. देवणीचे रंगावरून तीन प्रकार मानले जातात: पांढऱ्या अंगाची व काळ्या तोंडाची ‘वानेरा’, निखळ पांढरी ‘बालंक्या’ आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ‘शेवरा’.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पशुशास्त्रीय साहित्यात देवणीची उत्पत्ती गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून, गेल्या सुमारे २०० वर्षांत झाल्याचे सांगितले जाते. म्हणजे आज ‘शुद्ध देशी’ म्हणून जिचा गौरव होतो, ती देवणी स्वतः एका जुन्या संकराची लेक आहे. संकर ही विसाव्या शतकाची कल्पना नव्हे. बदलला तो संकराचा हेतू आणि त्याचा वेग.

६/ जालन्याची स्वतःच्या नावाची जात नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन, परभणीतील परतूर तालुक्यासह, स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वेकडून कंधारी व देवणी, पश्चिमेकडून डांगी व खिलार यांचे रक्त इथल्या गुरांत मिसळत राहिले. त्या मिश्र गुरांना शेतकरी साधेपणाने ‘गावरान’ म्हणतो.

७/ दुधासाठी विलायती संकराचा पहिला मोठा प्रयोग लष्कराने केला. छावण्यांतील गोऱ्या शिपायांना आणि इस्पितळांना दूध-लोणी हवे होते. त्यासाठी १८८९ साली अलाहाबादला पहिली लष्करी दुग्धशाळा निघाली. पुढे अशा दुग्धशाळांत आयरशायर, फ्रिजियन अशा युरोपीय वळूंचा साहिवाल, हरियाना यांसारख्या देशी गाईंशी संकर होऊ लागला. पहिल्या पिढीच्या कालवडींनी दुधाचे आकडे एकदम वर नेले.

८/ मग मोह झाला. अर्धे विलायती रक्त एवढे दूध देते, तर तीन चतुर्थांश किती देईल? उत्तर गोठ्यातच मिळाले. विलायती रक्त वाढले तशी उष्णता, गोचीड आणि रोग यांपुढे गाई हतबल होऊ लागल्या. त्या काळचा सर्वांत भयंकर शत्रू बुळकांडी. देशी गुरे तिला काही प्रमाणात तोंड देत, पण विलायती व वरच्या श्रेणीच्या संकरित गाई सहज बळी पडत. (ही बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याची अधिकृत घोषणा २०११ साली झाली.)

९/ लष्करी गोठ्यांच्या या दीर्घ अनुभवातून एक अंगठेनियम तयार झाला: विलायती रक्त निम्म्याच्या आसपास ठेवावे, फार तर पाच-अष्टमांश म्हणजे ६२.५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यावे. त्यानंतरच्या बहुतेक भारतीय प्रयोगांचे निष्कर्ष याच पट्ट्याभोवती फिरत राहिले. हा आकडा पुढच्या कथेत पुन्हा येणार आहे.

१०/ नागरी भारतासाठी मात्र सरकारी धोरण सावध होते. १९२६ साली नेमलेल्या, लॉर्ड लिनलिथगो अध्यक्ष असलेल्या कृषी आयोगाने देशी जातींतच निवडीने सुधारणा करण्यावर भर दिला. कारण उघड होते. शेतीला बैल हवा होता, आणि वशिंड नसलेल्या संकरित बैलावर जू नीट बसत नाही, उन्हात तो लवकर धापा टाकतो, हा समज पक्का होता. १९२७ साली गांधीजींनी बंगळूरच्या इम्पीरियल दुग्धसंस्थेत काही दिवस गोपालनाचे धडे घेतले, तेही याच चर्चेच्या काळात.

११/ दोन तंत्रांनी हे चित्र पालटले. पहिले कृत्रिम रेतन. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी भारतात त्याचा आरंभ केला. दुसरे गोठित रेत. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात रेताच्या कांड्या वर्षानुवर्षे टिकू लागल्या. वळू आता गावात असण्याची गरज उरली नाही. समुद्रापलीकडचा वळू एका लहानशा पात्रातून जालन्याच्या वस्तीवर पोहोचू शकत होता.

१२/ महाराष्ट्रात हे पात्र खेडोपाडी नेण्याचे श्रेय प्रामुख्याने मणिभाई देसाई यांना जाते. १९४६ साली ते गांधीजींसोबत पुण्याजवळच्या उरुळीकांचनला आले आणि निसर्गोपचार आश्रमासाठी तेथेच राहिले. त्यांनी तेथे गीर गाईंचा कळप जोपासला. १९६७ साली त्यांनी ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ म्हणजेच ‘बाएफ’ची स्थापना केली आणि होल्स्टीन व जर्सीच्या रेताने संकराचा कार्यक्रम हाती घेतला. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१३/ गीर गाईच्या उपासकाने विलायती वळूचा आश्रय घ्यावा, हे अनेकांना विसंगत वाटेल. मणिभाईंच्या कामामागचा विचार व्यवहाराचा होता. दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देणारी गाय गरिबाच्या दारात उपाशी राहते. तीच गाय अधिक दूध देणारी कालवड देऊ लागली, तर घर तिला जपते. बाएफचे प्रशिक्षित कार्यकर्ते गाय माजावर आल्याची खबर मिळताच दुचाकीवरून थेट दारात जात. शेतकऱ्याने गाय विकत घ्यायची नव्हती. त्याच्याच गावरान गाईच्या पोटी नवी पिढी जन्मायची होती.

१४/ येथून खरा प्रश्न सुरू होतो: बाप कोणता? होल्स्टीन-फ्रिजियन ही नेदरलँड्सच्या ओल्या कुरणांची, काळी-पांढरी, थोराड गाय. दूध उदंड, पण पातळ. जर्सी ही इंग्लिश खाडीतील चिमुकल्या बेटाची. त्या बेटाने १७८९ साली कायदा करून बाहेरची गुरे आणण्यावर कडक बंदी घातली आणि जात निर्भेळ राखली. जर्सी अंगाने लहान, खाण्याला कमी आणि तिच्या दुधात स्निग्धांश भरपूर. शिवाय लहान चणीच्या गाईला जर्सीचे हलके वासरू विताना त्रास कमी देते.

१५/ तितकाच महत्त्वाचा प्रश्न: आई कोणती? गीर ही देशी जातींत दुधाळ. नोंदवलेल्या कळपांत वेताला सरासरी २००० लिटरच्या आसपास. देवणी साधारण ९०० आणि लाल कंधारी सुमारे ६००. दुधाच्या आकड्यांवर गीर सहज जिंकते. परंतु मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दारात गीर नव्हतीच. तिथे देवणी, कंधारी किंवा गावरान होती. जी आई दारात आहे, तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

१६/ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर निवडली. त्यांनी गीर गाईवर होल्स्टीन, जर्सी, ब्राऊन स्विस असे निरनिराळे बाप वापरून पिढ्यांची तुलना केली. त्यातून एक तिहेरी संकर पुढे आला: आधी गीर गाय व जर्सी वळू, त्यांच्या कालवडीला होल्स्टीन. रक्ताचे प्रमाण होल्स्टीन ५० टक्के, जर्सी २५ टक्के, गीर २५ टक्के. हीच ‘फुले त्रिवेणी’. दूध वेताला ३००० लिटरच्या आसपास आणि स्निग्धांश साधारण ४ टक्के.

१७/ तीन जातीच का? पहिल्या पिढीच्या संकरात एक वाढीव जोम असतो, त्याला ‘संकरजोम’ म्हणतात. पण त्या संकरित जनावरांचा आपसात संयोग केला की हा जोम घटतो. दोन जातींच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात तो पहिल्या पिढीच्या निम्मा, म्हणजे ५० टक्के उरतो. त्रिवेणीच्या ५०-२५-२५ प्रमाणात, पैदाशीच्या गणितानुसार, ६२.५ टक्के उरतो. तिसरी जात आणण्यामागे हे साधे अंकगणित होते.

१८/ या गणिताला एक पोट-अट आहे. सर्वांत मोठा जोम वशिंडवाल्या देशी आणि बिनवशिंडाच्या युरोपीय रक्ताच्या भेटीतून येतो. होल्स्टीन आणि जर्सी दोन्ही युरोपीय, त्यामुळे त्यांच्या आपसातील भेटीचा लाभ तुलनेने कमी. त्रिवेणीत युरोपीय रक्त एकूण ७५ टक्के होते. म्हणजे ती ६२.५ टक्क्यांच्या जुन्या लष्करी मर्यादेपलीकडे जाते. अहमदनगरच्या कालव्यांच्या आणि उसाच्या पट्ट्यात ती शोभते. तिथे हिरवा चारा आहे, सावली आहे, दवाखाना जवळ आहे.

१९/ जालन्याचे विद्यापीठ मात्र परभणीचे. १८ मे १९७२ रोजी, मराठवाडा दुष्काळाच्या तोंडाशी असताना, मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). तेथील गो-संकर प्रकल्पाने आई म्हणून गीर न घेता मराठवाड्याची देवणी घेतली. बाप होल्स्टीन. निम्मे-निम्मे रक्त, आणि पुढे संकरितांचा आपसातच संयोग. या गाईचे नाव ‘होलदेव’.

२०/ होलदेवचे दूध त्रिवेणीइतके नाही, पण देवणीपेक्षा ठळकपणे जास्त. युरोपीय रक्त ५० टक्क्यांवरच थांबलेले, आणि उरलेले निम्मे रक्त अशा आईचे जिने मराठवाड्याचे ऊन आणि ज्वारीचा कडबा पिढ्यान्‌पिढ्या पचवला आहे. एकाच राज्यातील दोन विद्यापीठांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. राहुरीचे उत्तर पाण्याच्या मुलुखाचे होते, परभणीचे कोरडवाहू मुलुखाचे.

२१/ शेतकऱ्याच्या गोठ्यात मात्र ही दोन्ही उत्तरे जशीच्या तशी उतरली नाहीत. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ स्निग्धांश आणि ८.५ स्निग्धेतर घनपदार्थ यांवर ठरत आला आहे. होल्स्टीनचे दूध या कसोटीला जेमतेम उतरते, पण उतरते. त्यापुढे पैसे लिटरवर. साहजिकच जास्त लिटर देणारा बाप जिंकला. कालवडीला पुन्हा होल्स्टीन, तिच्या कालवडीला पुन्हा होल्स्टीन. रक्ताचे प्रमाण ५०, मग ७५, मग ८७.५ टक्के. लष्करी गोठ्यांनी जो मोह शंभर वर्षांपूर्वी अनुभवला होता, तोच आता लहान शेतकऱ्याच्या दावणीला आला.

२२/ त्याची किंमत कळण्यास वेळ लागतो, कारण पैदाशीचा हिशेब मंद गतीचा आहे. आज भरवलेल्या कांडीची कालवड नऊ महिन्यांनी जन्मते. ती स्वतः विऊन दूध देईपर्यंत आणखी अडीच-तीन वर्षे जातात. म्हणजे बाप निवडण्याचा निर्णय साडेतीन वर्षांनंतरच्या पावसावर लावलेली पैज असतो. जिथे वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही दर काही वर्षांनी दगा देतो, त्या जालन्यात ही पैज जड आहे.

२३/ २०१२-१३ च्या दुष्काळात हे उघड झाले. जालना हा महाराष्ट्रातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. शहराला टँकरचा आधार होता आणि मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दुभत्या थोराड संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी लागते. माणसांसाठी पाणी विकत घ्यावे लागत असताना अशी गाय दारात ठेवणे म्हणजे काय, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ज्याची गाय कडबा खाऊन अर्ध्या पाण्यावर जगली, त्याची दावण दुष्काळानंतरही भरलेली राहिली.

२४/ या कथेत गोऱ्ह्याची बाजूही आहे. ज्या काळात गाय बैलाची आई होती, तेव्हा गोऱ्हा हा लाभ आणि कालवड ही गरज होती. ट्रॅक्टर आला आणि तोल उलटला. आता कालवड हवी आणि संकरित गोऱ्हा कोणालाच नको. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे नको असलेल्या गोऱ्ह्याला बाजारही उरला नाही. अलीकडे लिंगनिश्चित रेताच्या कांड्या वापरात येत आहेत. त्यांतून सुमारे ९० टक्के वेळा कालवडच जन्मते. ज्या जिल्ह्याच्या भूमीवर बैल पडल्यामुळे तोफा थांबल्या होत्या, तेथे आता बैल जन्मूच नये यासाठी पैसे मोजले जात आहेत.

२५/ आता या साऱ्या इतिहासातील सर्वांत अवघड गाठ. अर्ध्या रक्ताची, सर्वाधिक जोमाची कालवड हवी असेल, तर तिची आई शुद्ध देशी असावी लागते. पण प्रत्येक देशी गाईला विलायती कांडी भरवली, तर पुढच्या पिढीत शुद्ध देशी आई उरत नाही. म्हणजे संकराचे यशच संकराचा कच्चा माल संपवते. देवणी आणि लाल कंधारीचे कळप टिकवणे हा केवळ अभिमानाचा विषय नाही. ते पुढच्या पिढ्यांचे बियाणे आहे, आणि बियाणे कोणी दळून खात नाही.

२६/ २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे होती. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ४ लाख विलायती व संकरित, बाकी देशी आणि गावरान. २०१४ पासून ‘राष्ट्रीय गोकुळ मिशन’ देशी जातींच्या संवर्धनासाठी चालू आहे. धोरणाचा लंबक पन्नास वर्षांत एका टोकाकडून दुसऱ्याकडे झुकला. शेतकऱ्याला मात्र कोणतेही टोक परवडत नाही. दूध केंद्रावर देशीचा अभिमान मोजला जात नाही आणि दुष्काळात होल्स्टीनचे आकडे पाणी आणून देत नाहीत.

२७/ म्हणून ‘सर्वोत्तम जात कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या आईवर कोणता बाप, किती पिढ्या, आणि कुठे थांबायचे, हा खरा प्रश्न. विहिरीला बारमाही पाणी, घरचा हिरवा चारा आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य असेल, तर होल्स्टीनचे जास्त रक्त पेलते. कोरडवाहू रानात, लहान चणीच्या गावरान गाईवर, एकदाच जर्सी किंवा होल्स्टीन आणि पुढे रक्त निम्म्यावर रोखणे हे शहाणपणाचे. आणि जिच्या दारात अस्सल देवणी वा कंधारी आहे, तिथे निदान काही वेतांना त्याच जातीच्या निवडक वळूची कांडी भरवावी, म्हणजे आईची परंपरा तुटणार नाही.

२८/ इतिहासाच्या पुस्तकांत असईचे सेनापती आहेत, तोफा आहेत, मृतांची संख्या आहे. जनावरांच्या पिढ्या मात्र दप्तरात सहसा सापडत नाहीत. त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतात: दावणीला कोणत्या रंगाची गाय होती, तिचा वळू कोणत्या गावचा, पहिली संकरित कालवड कोणत्या साली आली आणि बहात्तरच्या दुष्काळात त्यांपैकी कोण वाचले. ज्यांच्या घरी हे सांगणारे कोणी अजून आहे, त्यांनी येत्या पोळ्याला ते विचारून लिहून ठेवावे. मराठवाड्याच्या शेतीचा एक मोठा दस्तऐवज अद्याप असा तोंडीच आहे.

(थ्रेड समाप्त. आपल्या भागातील गावरान गुरांची नावे, रंगांचे प्रकार आणि जुने शब्द खाली अवश्य नोंदवावेत.)